पडद्यावरचा पांढरा

डिजिटल प्रोजेक्टरवर रंग बरोबर येतात की नाही हे तपासायला येणारा तंत्रज्ञ लाल, हिरव्या किंवा निळ्यापासून सुरुवात करीत नाही. तो आधी पांढरा पाहतो. रिकाम्या प्रेक्षागृहात दिवे मालवून, साधारण मधल्या खुर्चीच्या जागी, तो एक मोजयंत्र तिकाटण्यावर बसवतो. पडद्यावर नुसता पांढरा उजेड टाकला जातो आणि यंत्र तीन आकडे सांगते. पहिले दोन ०.३१४ आणि ०.३५१ यांच्या जवळपास यावेत, तिसरा ४८च्या. पहिल्या दोहोंतून पांढऱ्याची छटा कळते, तिसऱ्यातून त्याचे तेज : दर चौरस मीटरला ४८ कँडेला, जुन्या मापात १४ फूट-लँबर्ट. मोजायचा असतो तो पडद्यावरून परतलेला उजेड, भिंगातून निघालेला नव्हे. कारण केबिनच्या खिडकीची काच, पडद्याचा लेप, त्यावर वर्षानुवर्षे साचलेली धूळ हे सारेच रंगात आपापली भर घालत असतात. त्यानंतर तीन मूळ रंग एकेक करून मोजले जातात. ते प्रत्यक्षात जसे आले तसे प्रोजेक्टरला कळवले जातात, आणि ते जसे यायला हवेत त्यांच्याशी मेळ घालण्याचे गणित प्रोजेक्टर स्वतः करतो. या सगळ्याला कॅलिब्रेशन म्हणतात. काम फार वेळाचे नाही. मात्र ते नियमाने केले जाते की नाही, हे प्रेक्षकाला कळण्याची सोय नाही.

हे आकडे आले कुठून? हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी २००२ साली 'डिजिटल सिनेमा इनिशिएटिव्ह्ज' नावाची संयुक्त संस्था काढली. तिच्या तांत्रिक दस्तऐवजाची पहिली आवृत्ती जुलै २००५मध्ये प्रसिद्ध झाली, आकडे त्यातले. चित्रगृह लॉस एंजेलिसमधले असो की ठाण्यातल्या मॉलमधले, पांढरा एकच असावा असा त्या दस्तऐवजाचा आग्रह आहे. हे वाचल्यावर आपल्याकडच्या समीक्षकाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : आमचा पांढरा त्यांनी का ठरवावा? प्रश्न रास्त आहे, पण थोडा घाईचा आहे. रंग 'बरोबर' आहे हे कोण ठरवते, याचा आपल्याकडचा इतिहास पाहिला तर ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या प्रेक्षकाला हे आकडे परके वाटण्यापेक्षा उपयोगाचे वाटावेत, असे माझे मत झाले आहे.

मुळात ते दोन अपूर्णांक ज्या भाषेत लिहिलेले आहेत ती भाषा हॉलिवूडची नव्हे. ती १९३१ सालची आहे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात लंडनमध्ये विल्यम डेव्हिड राइट यांनी दहा जणांना, आणि टेडिंग्टनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत जॉन गिल्ड यांनी सात जणांना, एका छोट्या गोल झरोक्यातून पाहायला लावले. झरोक्याच्या एका अर्ध्यात शुद्ध वर्णपटातला एक रंग, दुसऱ्या अर्ध्यात लाल-हिरव्या-निळ्याचे मिश्रण. दोन्ही अर्धे सारखे दिसेपर्यंत मिश्रण कमीजास्त करायचे. या सतरा माणसांच्या उत्तरांची सरासरी काढून १९३१ साली आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने 'प्रमाण निरीक्षक' नावाचा एक माणूस कल्पिला. तेव्हापासून रंगाचे माप म्हणजे या न जन्मलेल्या माणसाला काय दिसेल त्याचे माप. चित्रगृहात येणाऱ्या डिजिटल चित्रपटाच्या फायलीतसुद्धा रंग त्याच्याच भाषेत, एक्स-वाय-झेड अशा तीन राशींत, प्रत्येकी बारा बिटांत साठवलेले असतात.

सतरा ब्रिटिश डोळ्यांवर जगाचा रंग तोलला गेला, असे वाक्य लिहिण्याचा मोह इथे कोणालाही होईल. तो आवरलेला बरा. कातडीचा वर्ण बदलला म्हणून दृष्टिपटलातील रंगग्राही पेशी बदलत नाहीत. त्या व्यक्तीगणिक थोड्या बदलतात, वयाबरोबर डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते, आणि हे फरक एकाच आळीत, एकाच घरातही सापडतात. तीन मूळ रंगांच्या या सिद्धान्ताला आव्हान द्यायला निघालेला भारतीय शास्त्रज्ञ कोणी सामान्य नव्हता. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९६८ साली 'द फिजिऑलॉजी ऑफ व्हिजन' या पुस्तकात आपले निराळे मत मांडले. विज्ञानाने ते स्वीकारले नाही. असो.

प्रमाण निरीक्षकाचा जन्म आणि 'आलम आरा'चे प्रदर्शन एकाच वर्षातले, हा योगायोग. मराठी चित्रपटाचा रंगाशी पहिला मोठा सामना मात्र त्यानंतर दोनच वर्षांनी झाला. त्याआधी कल्याण पडद्यावर येऊन गेले होते : बाबूराव पेंटरांचा 'कल्याण खजिना' १९२४चा. कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेचे रूप हा त्या कथेचा गाभा, आणि चित्रपट मूक व कृष्णधवल. म्हणजे जिच्या रूपाचा एवढा बोलबाला, तिचा वर्ण प्रेक्षकाने आपल्या मनाने भरून घ्यायचा. रविवर्म्याची तैलरंगी मुद्राचित्रे भिंतीवर टांगणाऱ्या पिढीला ते अवघड गेले नसावे.

पेंटरांच्या हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांतारामांनी १९३३ साली प्रभातचा 'सैरंध्री' रंगीत करायचे ठरवले. विषय कोणता, तर द्रौपदी. तिचे एक नाव कृष्णा. ती सावळी, आणि विराटाच्या घरी तिने पत्करलेले काम राणीच्या प्रसाधनाचे : वेणीफणी, उटणी, गंध. पहिल्याच रंगीत प्रयत्नासाठी याहून अवघड परीक्षा निवडता आली नसती. तंत्र होते 'बायपॅक', म्हणजे कॅमेऱ्यातून एकमेकींना चिकटून धावणाऱ्या दोन फिल्म. एकीवर तांबड्या-नारिंगी बाजूचे रंग उमटायचे, दुसरीवर निळ्या-हिरव्या बाजूचे. तीन रंगांचे काम दोघांवर भागवायचे म्हटल्यावर हिरवा, जांभळा, पिवळा यांची आबाळ व्हायची ती होतेच. सावळा वर्ण तर या दोन टोकांच्या मधोमध कुठेतरी राहतो. रंगप्रक्रिया आणि प्रती काढण्याचे काम जर्मनीत झाले. त्यासाठी शांताराम स्वतः तिकडे गेले होते. परत आलेले रंग भडक व बेभरवशाचे निघाले. प्रभातने पुढची कीर्ती कृष्णधवलातच मिळवली.

रंगाबाबत तेव्हा निर्णय कोणाचा होता? दिग्दर्शकाचा हुकूम कोल्हापुरात वा पुण्यात चालत असेल. रंगाचा हुकूम रसायनांचा, आणि रसायने परमुलखात. अर्देशिर इराणींचा 'किसान कन्या' १९३७ साली देशातच रंगला, पण तोही सिनेकलर या आयात तंत्रावर. सोहराब मोदींचा 'झाँसी की रानी' १९५३चा आणि खुद्द शांतारामांचा 'झनक झनक पायल बाजे' १९५५चा, दोन्ही टेक्निकलरमध्ये. पुढे ईस्टमनकलर आले, मुंबईत रंगीत प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, आणि पोस्टरवर नायिकेच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात 'ईस्टमनकलर' झळकू लागले. रंग कुठल्या कंपनीचा हे प्रेक्षकाला अभिमानाने सांगितले जाई. साबणाच्या वडीवर सांगतात तसे.

या प्रयोगशाळांत निगेटिव्हवरून प्रत काढताना लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे प्रमाण एक ते पन्नास अशा पायऱ्यांवर ठेवले जाई. मधली पायरी पंचवीस. एका दृश्याला हिरवा सत्तावीस, पुढच्याला पंचवीस, असा हिशेब लिहिणारा माणूस हा त्या काळचा रंगाचा न्यायाधीश. त्याच्या हाताशी एक तुलनेची पट्टीही असे. कोडॅकने जगभरच्या प्रयोगशाळांना पुरवलेल्या त्या नमुना-फिल्मवर एक करडा चौकोन आणि शेजारी एका स्त्रीचा चेहरा असे. अशा चेहऱ्यांना त्या धंद्यात 'चायना गर्ल' म्हणत, आणि चेहरा जवळजवळ नेहमी गोऱ्या बाईचा असे. चित्रपटाच्या रिळाच्या सुरुवातीला, प्रेक्षकाला कधीच न दिसणाऱ्या भागात, तिच्या काही चौकटी जोडलेल्या असत. मापन त्या करड्या चौकोनावर होई हे खरे. पण 'चेहरा ठीक दिसतोय' हा अंतिम शेरा डोळ्याने मारायचा, आणि डोळ्यासमोरचा चेहरा तो. सतरा डोळ्यांबद्दल जी तक्रार करू नये असे मी वर म्हटले, ती इथे जरूर करावी. सरासरी डोळ्याला वर्ण नसतो. नमुन्याच्या चेहऱ्याला असतो.

आणि इतके सगळे नीट जमले, तरी प्रयोगशाळेतून निघालेली प्रत शेवटी कोणाच्या तरी केबिनमध्ये जाणार. ठाण्यात वंदना, मल्हार, आनंद, गणेश. डोंबिवलीत टिळक, मधुबन, पूजा, गोपी. ही नावे एका पिढीला स्टेशनांच्या नावांसारखी पाठ होती. ठाण्याचे एक एसटी स्थानक तर आजही वंदना म्हणूनच ओळखले जाते. अशा टॉकीजच्या केबिनमध्ये झेनॉन दिवे येईपर्यंत कार्बनची ज्योत जळत असे. दोन काड्या, त्यांच्या टोकांमध्ये विजेची कमान, मागे आरसा. काडी जळून आखूड झाली की अंतर वाढते आणि उजेडाचा रंग ढळतो. ऑपरेटर काळ्या काचेतून ज्योत पाहत काड्या पुढे सरकवीत राहायचा. एक रीळ संपत आले की दुसऱ्या यंत्रावर उडी मारायची, आणि दोन्ही यंत्रांच्या ज्योती सारख्या नसल्या तर दर वीस मिनिटांनी नायिकेच्या गालावर ऊन किंवा सावली पडल्याचा भास व्हायचा. ते प्रेक्षकाला जाणवू न देणे ही ऑपरेटरची कला. तिला नाव नव्हते, पगारात तिची नोंद नव्हती. मराठीत चित्रपटावर इतके लिहिले गेले. केबिनमधल्या माणसावर चार पाने सापडणे कठीण.

त्याच्या हाती येणारी प्रत अनेकदा आधी मुंबईत खपलेली असायची. जुन्या ईस्टमनकलर प्रतींमधला निळसर-हिरवा रंग सर्वांत आधी उडतो. मागे राहतो तो किरमिजी. मॅटिनीला लागणारे जुने चित्रपट सगळे संध्याकाळी घडतात की काय असे वाटायचे, त्याचे कारण हे. आमच्याकडची एक पिढी रंगीत सिनेमा म्हणजे लालसर सिनेमा असेच समजून मोठी झाली. ती छटा आता जिव्हाळ्याची वाटते, ही गोष्ट निराळी. पण जिव्हाळ्यापोटी तिला 'खरा रंग' म्हणू नये. उपनगराच्या वाट्याला जे उरले ते आले, एवढाच तिचा अर्थ.

डिजिटलने ही उतरंड मोडेल अशी आशा होती. २००५ साली यूएफओ मूव्हीजने उपग्रहावरून चित्रपट थेट चित्रगृहात उतरवायला सुरुवात केली; त्याच सुमारास चेन्नईच्या रिअल इमेजची क्यूब ही यंत्रणा पसरू लागली. (१९३३ साली रंगासाठी शांताराम गेले त्या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या स्टुडिओचे नाव ऊफा. एका अक्षराचा फरक, बहात्तर वर्षांचे अंतर.) एका प्रिंटला अर्ध्या लाखाहून अधिक खर्च येई, त्यामुळे मराठी निर्माता मोजक्याच प्रती काढायचा, त्या जाचातून तो सुटला. पहिल्या शुक्रवारी मुंबईबरोबरच कल्याणातही मराठी चित्रपट लागू लागला. हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करूनच पुढचे बोलले पाहिजे.

पुढचे असे की या यंत्रणा हॉलिवूडच्या दस्तऐवजात बसणाऱ्या नव्हत्या. त्या हाय-डेफिनिशन व्हिडिओच्या कुळातल्या. प्रोजेक्टर त्या मानाने स्वस्त, चित्राचे तपशील कमी. हॉलिवूडने आपले चित्रपट त्यांवर द्यायला नकार दिला. ज्यांना ते हवे होते त्या मल्टिप्लेक्सनी दस्तऐवजाबरहुकूम महागडे प्रोजेक्टर बसवले. परिणामी काही वर्षे एकाच रेल्वेमार्गावर दोन पांढरे नांदले. टीव्हीच्या घराण्याच्या पांढऱ्याचे आकडे ०.३१३ आणि ०.३२९, सिनेमाचा पांढरा त्याहून किंचित हिरव्याकडे झुकलेला, कारण तो झेनॉन दिव्याच्या उजेडाला जवळचा ठेवला गेला. हा फरक शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय कळणारा नाही. कळायचा तो तेजातला. झेनॉन दिवा महाग असतो आणि जसजसा जुना होतो तसतसा मंदावतो. तो शेवटपर्यंत पिळून काढणे, किंवा आयुष्य वाढावे म्हणून कमी प्रवाहावर चालवणे, हा हिशेब चित्रगृहचालकाला सुचतोच. भारनियमनाच्या वर्षांत कल्याण-डोंबिवलीत जनरेटरचे डिझेल जाळून खेळ करणाऱ्याला तर हा हिशेब अधिकच पटला असणार. आणि हा रोग एकट्या उपनगरांचा नाही : २०११ साली बॉस्टन ग्लोबने दाखवून दिले की तिथली चित्रगृहे त्रिमिती भिंग न काढताच साधे चित्रपट दाखवत होती आणि निम्म्याहून अधिक उजेड वाया घालवत होती.

उजेड कमी झाला तर बिघडते काय? जेवणाच्या टेबलावरचे दृश्य, बागेतले गाणे यांचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते अंधाऱ्या भागांचे. प्रेक्षागृहात 'बाहेर' लिहिलेल्या पाट्यांचा, पायऱ्यांवरच्या दिव्यांचा थोडा उजेड पडद्यावर सांडतच असतो. पडद्यावरचे काळे त्या सांडलेल्या उजेडाहून खाली जाऊ शकत नाही. वरचे टोक ४८वरून पंधरा-वीसवर उतरले, की काळ्या आणि गडद तपकिरीच्या मधल्या साऱ्या छटा त्या राखाडी पाण्यात बुडतात. गोरा चेहरा मंद दिव्यातही तग धरतो. सावळा चेहरा त्याच मधल्या छटांत राहतो.

म्हणूनच मला हा विषय निव्वळ तंत्राचा वाटत नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' फेब्रुवारी २०१४मध्ये प्रदर्शित झाला. वर्णाची, वर्णामुळे आलेल्या लाजेची आणि त्यातून उसळणाऱ्या संतापाची ती गोष्ट. विक्रम अमलाडी यांच्या कॅमेऱ्याने जब्याचा आणि कचरूचा चेहरा उगाच न उजळता टिपलेली. मी तो ठाण्यातल्या एका मॉलमध्ये पाहिला आणि पुढच्याच आठवड्यात डोंबिवलीच्या बाजूच्या एका जुन्या चित्रगृहात पुन्हा पाहिला. जत्रेच्या रात्री, सगळे नाचत असताना, जब्याला डोक्यावर दिवा घेऊन उभे राहावे लागते. पहिल्या ठिकाणी त्या दिव्याखाली त्याच्या चेहऱ्यावरून काय काय सरकते ते दिसत होते. दुसऱ्या ठिकाणी दिवा दिसत होता. खाली कोणीतरी उभे आहे, इतके कळत होते. मध्यंतरात केबिनकडे विचारणा केली, तर 'पिक्चरच डार्क आहे' असे उत्तर मिळाले.

या उत्तरावर प्रतिवाद करायला पूर्वी काही साधन नव्हते. कार्बनच्या काळात ऑपरेटरचा डोळा अखेरचा. तो चांगला असेल तर प्रेक्षकाचे नशीब. प्रयोगशाळेच्या काळात तो माणूस आणि त्याची ती पायऱ्यांची वही. प्रेक्षकाला दोन्हींचा पत्ता नाही. ४८ हा आकडा परदेशी असेल, तो ठरवणाऱ्यांचे हेतू धंद्याचे असतील, पण डोंबिवलीच्या प्रेक्षकाने ठाण्याच्या प्रेक्षकाइतकेच तिकिटाच्या बदल्यात मागावे असे काही आहे तर ते हेच. चित्रगृहाच्या दर्शनी भागात परवान्याच्या चौकटी लावलेल्या असतात. त्यांच्या शेजारी, दिव्याचे तास किती झाले आणि पडद्यावरचा पांढरा शेवटचा कधी मोजला, हे लिहिलेली एक पाटी लावायला खर्च काहीच येणार नाही. आपल्या चित्रपटविषयक संघटनांनी अनुदान आणि प्राइम टाइम यांबरोबर हीही मागणी करायला हरकत नव्हती.

२०१३-१४च्या सुमारास आपल्याकडे प्रिंटचे युग संपत आले. २०१३मध्येच ठाण्यात तेव्हाचा विवियाना मॉल उघडला आणि तिथल्या पडद्यांवर रिळांचा प्रश्नच नव्हता. आता प्रोजेक्टरही बदलत आहेत. २०१४नंतर चित्रगृहांत लेझर आले. दिवा मंदावण्याची तक्रार त्यामुळे बरीच कमी होईल. पण लेझरने एक जुनी गोष्ट उकरून काढली आहे. झेनॉनच्या उजेडात सगळ्या तरंगलांबी थोड्याफार मिसळलेल्या असतात, म्हणून माणसामाणसांच्या डोळ्यांतले फरक त्यात झाकले जातात. तिरंगी लेझरचे तिन्ही रंग सुईसारखे अरुंद. ते एकत्र करून केलेला पांढरा एकाला किंचित गुलाबी, त्याच्या शेजारच्याला किंचित हिरवट दिसू शकतो, आणि दोघांपैकी कोणाच्याच डोळ्यात दोष नसतो. त्या सतरा जणांची सरासरी इथे अपुरी पडते, हे रंगशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. नव्या, सुधारलेल्या निरीक्षकावर कामही झाले आहे. तोवर काही रंग-कक्षांत तंत्रज्ञ जुना झेनॉन प्रोजेक्टर आणि नवा लेझर प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावतात, मोजयंत्र बाजूला ठेवतात, आणि दोन पांढरे सारखे दिसेपर्यंत लेझरचे आकडे हाताने हलवतात, लंडनच्या त्या झरोक्यापुढे बसलेल्यांनी केले तसे.